आलेखातले एकोणीस खड्डे

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. इथले अनुभव वाचताना "वायरिंग चेक करा राव" अशा कमेंट टाकणारा मीच. त्यामुळे आज माझी मजा घ्यायची असेल तर खुशाल घ्या... पण आधी पूर्ण वाचा. त्या उन्हाळ्यात मला वाटत होतं की माझा कॉम्प्युटर हातचा जातोय. प्रत्यक्षात आई घर सोडून निघाली होती, आणि मला पत्ताच नव्हता.

लातूर, दुष्काळाचं साल. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी, अंगणात निळे ड्रम, कूलर असून कोरडाच फिरवायचा. घरात आम्ही दोघंच, मी आणि आई. वडील एसटीत ड्रायव्हर होते, मुखेड मार्गावर; दोन वर्षांपूर्वी वारले. मी डिप्लोमा करून घरी बसलेलो. रोज दुपारी दोन ते पाच कानाला हेडफोन लावून गेमचा सराव, कारण महिनाअखेरीस टीमची ऑनलाइन स्पर्धा होती.

त्यासाठीच मी कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केला. म्हणजे साडेतीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेटिंग बदलून, जरा जास्त व्होल्टेज देऊन साडेचारवर पळवायचा. पळालाही झकास! पण दुसऱ्याच दिवशी, भर मॅचमध्ये, गेम चिखलात रुतल्यासारखा झाला. चार-पाच मिनिटं तसाच... मग आपोआप पूर्ववत. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा.

तापत असेल, दुसरं काय. जास्त तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. उन्हाळाही लातूरचा! कॅबिनेटचं झाकण काढलं, टेबलफॅन समोर लावला, थर्मल पेस्ट नवी घातली. फरक शून्य. वेग, तापमान आणि व्होल्टेज दर सेकंदाला नोंदवणारा प्रोग्राम ओव्हरक्लॉक केल्या दिवसापासून चालूच होता, मग तो उघडला. त्याचा आलेख बघून तर डोकंच चालेना. तापमान सत्तरच्या आत, व्होल्टेज सरळ रेषेत, आणि वेग मात्र साडेचार गिगाहर्ट्झवरून थेट आठशे मेगाहर्ट्झवर. रोज एकच खड्डा. कधी तीन एक्केचाळीसला, कधी तीन पंचावन्नला. वेळ ठरलेली नाही, म्हणजे अँटीव्हायरस वगैरेही नाही.

माझा मित्र अझहर, मूळचा उदगीरचा, गंजगोलाईजवळ कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो. तो येऊन अर्थिंग बघून गेला, रॅम एकेक करून तपासली, स्वतःचा पॉवर सप्लाय लावून बघितला. शेवटी ओव्हरक्लॉक काढून टाकलं, सगळं कंपनीच्या सेटिंगवर आणलं. तरी दुपारी खड्डा पडलाच!

"भाई, इतक्या वर्षांची मागणी हाय, आमचं उदगीर बी एक दिवस जिल्हा होईल," पाना बॅगेत टाकत अझहर म्हणाला, "पन तुझी ही पेटी काय सुधरत न्हाई."

मी परत साडेचारवर चढवला. मी पण हट्टाला पेटलो होतो.

मधे आई चार दिवस उमरीला तिच्या भावाकडे जाऊन आली. त्या चार दिवसांत आलेख एकदम सपाट. एक खड्डा नाही! मी खूश. ती परत आली त्याच दुपारी पुन्हा खड्डा. आता मला क्लू मिळाला — आई घरात काहीतरी चालू करते आणि लाइटवर लोड येतो. मिक्सर? फ्रिज? पाण्याची मोटार तर बोअर आटल्यापासून बंदच होती. मी तिला न सांगता एकेक वस्तू लावून-काढून बघितली. काहीच फरक पडला नाही. आईला सरळ विचारावं, हे काही मला सुचलं नाही. इतका शहाणा मी.

विसाव्या खड्ड्याच्या दिवशी, तीन बावन्नला, पुन्हा गेम रुतला. टीमवाले शिव्या घालत होते. तेव्हा मला वडिलांची एक सवय आठवली. रस्त्यात गाडी कुरकुरायला लागली आणि काही सापडेना, की ते पान्याला हात लावायचे नाहीत. आम्हालाही सांगायचे, "आधी इंजिन बंद कर. खाली उतर. अन् एक मिनिट गप उभा राहून ऐक." आम्ही हसायचो, बंद इंजिनात काय ऐकायचं म्हणून. त्या दिवशी मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पंखा बंद केला, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि कान देऊन बसलो.

मागून आवाज आला. हळू, उत्तराची आशा सोडलेला.

"चहा झालाय रे. येऊन बस जरा. अन् उमरीला जाऊ का न्हाई, तेवढं सांग."

मी वळलो. आई उंबऱ्यात उभी होती. मी वळलेलं बघून तीच दचकली.

"माय, रोज येतीस इथं?"

"हाव. रोज. तू आधी हेडफोन काढून यायचास चहाला. हे मशीन पळवायला लागलास तवापासून येणं बंद झालं. म्हनून मीच येऊन हाक मारून राहिले."

स्वयंपाकघरात ओट्यावर दोन कप होते, अर्धे अर्धे भरलेले. पाणी जपून वापरायचं म्हणून चहाही अर्धाच. दुसरा कप वडिलांचा असेल, असं मला वाटलं. मी तसं म्हणालोही.

"त्यांचा कशाला मांडू?" आई म्हणाली. "ते गेले. तुझा हाय तो. तू येत न्हाईस, मग निवला की मीच पिते."

दाराशी तिची पिशवी भरलेली होती. दुसऱ्या दिवशी मामा न्यायला येणार होते, कायमचं. तिकडे उमरीत विहिरीला पाणी आहे, बोलायला माणसं आहेत. तिनं रोज विचारूनही मी उत्तर दिलं नाही, म्हणजे माझी हरकत नसावी, असं तिनं धरलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

"जाऊ नको," एवढंच म्हणता आलं.

"हे एवढं बोलायला किती दिवस लावलास रे," ती म्हणाली आणि माझा चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

मामा आले, जेवले, संध्याकाळी एकटेच परत गेले.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही तेच म्हणतो. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर चालू ठेवून मी चहाला जायला लागलो. आलेख सपाट, ओव्हरक्लॉक साडेचारवर, आजतागायत. स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, पण ते आमच्या खेळामुळे. अझहरला विचारलं, इंग्रजी फोरमवर आलेख टाकून विचारलं, कोणी मदरबोर्ड म्हणालं, कोणी ड्रायव्हर. उंबऱ्यात उभ्या बाईनं हळू हाक मारली की प्रोसेसर मंद का होतो, याचं उत्तर कोणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही.

ती फाइल मी अजून ठेवलीय. कॉम्प्युटर बंद केला त्या दिवसाचा शेवटचा खड्डा सोडला, तर त्यात एकोणीस खड्डे आहेत. एकोणीस वेळा आई माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली होती.