ड्रॉवरमधलं आणि भिंतीवरचं

गल्लीत त्यांना सगळे फुगेवाले म्हणत, आणि त्यांनी आयुष्यात एक फुगा विकलेला नव्हता. पोटापाण्याला ते छापखान्यात होते, बत्तीस वर्षं शिळाप्रेसवर: दगडावर हाताने चित्र काढायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकावर एक छाप. नाद मात्र भलताच. वायूने फुगवलेली ती जुनी अवाढव्य हवाई जहाजं, पोटाखाली जेवणघर बांधून आरामात प्रवासी नेणारी. त्यांच्या सफरींच्या जाहिरातींची पोस्टरं ते गोळा करत. जहाज फुग्याच्या जातीचं, म्हणून हे फुगेवाले.

एकतीस पोस्टरं होती. त्यांतल्या एकावर त्यांचा जीव: संध्याकाळच्या बंदरावरून चाललेलं रुपेरी जहाज, आणि खाली गच्चीवर हात उंचावलेली, पिवळ्या टोपीतली बाई. बायकोलाही ते आवडलं. स्वयंपाकघरात लावू या, म्हणाली. फुगेवाल्यांना घाम फुटला. वाफ, तेल, ऊन, काय काय बसेल त्यावर. पण नाही म्हणवेना. शेवटी छापखान्यात पडून असलेल्या जुन्या कागदावर त्यांनी त्याची हुबेहूब नक्कल केली. सात दगड, दोन महिने.

आता नक्कल केली की कडेला एक बारीक खूण सोडायची, ही छापखान्याची शिस्त. यांनी सोडली नाही. उलट अस्सलावरची घडीची रेघ पाडली, कोपऱ्यांतली टाचण्यांची चार भोकंसुद्धा पाडली. माझ्या डोळ्याला खुणा कशाला लागतात, असा सगळा तोरा. नक्कल बायकोला दिली, ती भिंतीवर लागली. अस्सल ड्रॉवरमध्ये गेलं. दर रविवारी हात धुऊन, हातमोजे घालून ते ड्रॉवर उघडत आणि डोळे भरून बघत.

वीस वर्षांनी संग्रहालयातून फोन आला. जुन्या प्रवासाच्या प्रदर्शनात ते पोस्टर दर्शनी भिंतीवर लावायचं होतं. तपासून न्यायला तिथल्या तज्ज्ञ बाई गुरुवारी येणार होत्या. फुगेवाल्यांचे पाय जमिनीला टेकेनात. बुधवारी सकाळी त्यांनी उगाच हौसेने भिंतीवरचंही उतरवलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडली. तेव्हा कुठे त्यांना आठवलं की नक्कल केल्यावर महिन्याभरात घराला रंग काढला होता. त्या दिवशीही दोन्ही याच टेबलावर होती, आणि उचलून परत ठेवली होती त्यांनीच.

भिंतीवरचं फिकं पडलं होतं. पण ते उन्हाने, की आपली शाई कच्ची म्हणून? त्यांनी भिंग काढलं. टोपीच्या पिवळ्यात एक तुटका फराटा होता. तो मूळ चित्रकाराचा की आपला, ते कळेना, कारण दोन्हीत होता. भोकं मोजली, चार आणि चार. दुपारपर्यंत डोकं भणभणलं. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, मला दोन्ही सारखीच दिसतात. एरवी हे ऐकून ते फुशारले असते. आज त्यांनी पुन्हा भिंग उचललं. उद्या ड्रॉवरमधलं पुढे करावं आणि ते आपलंच निघावं, म्हणजे बत्तीस वर्षांच्या नजरेची अब्रू गेली.

गुरुवारी बाईंनी भिंगाला हातसुद्धा लावला नाही. पडदे ओढून त्यांनी एक छोटा जांभळा दिवा दोन्हींवर धरला. ड्रॉवरमधलं पोस्टर निळसर उजळलं, भिंतीवरचं तसंच मंद राहिलं. पांढरेपणासाठी अलीकडच्या कागदात जे मिसळतात ते असं चमकतं, त्यांनी समजावलं. छापखान्यातला तो कागद फुगेवाल्यांना वाटला तितका जुना नव्हता.

म्हणजे वीस वर्षं हातमोजे घालून आपण आपलंच काम बघत होतो, आणि अस्सल तिकडे वाफ खात होतं. त्यांना हसावं की रडावं ते समजेना. बाई म्हणाल्या, फिकं असलं तरी न्यायचं ते हेच. फुगेवाले हो म्हणायला गेले आणि अडखळले. ते त्यांनी बायकोला दिलेलं होतं.

"अगं, देऊ ना?"

"द्या. पण परत कधी मिळेल ते विचारून घ्या. रोज सकाळी चहा टाकताना मी त्या टोपीवालीकडे बघते. ती हात कोणाला करतेय, ते मला अजून कळलेलं नाही."

जहाजालाच, आणखी कोणाला, असं ते म्हणणार तोच त्यांची नजर चित्रावर गेली. टोपीवाली जहाजाकडे बघतच नव्हती. ती चित्राबाहेर, डाव्या बाजूला कुठेतरी बघत होती. तिची रेघन् रेघ त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती आणि हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

खाली पाटीवर कोणाच्या संग्रहातून म्हणून लिहू, बाईंनी विचारलं. फुगेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं.

"ह्यांचंच नाव लिहा," बायको म्हणाली. "संग्रह ह्यांचा. मला चित्र पुरे."

हा मान होता की टोमणा, हे त्यांना तेव्हा कळलं नाही, आणि विचारायचा धीर त्यांना अजून झालेला नाही.