येळवशीला अप्पांच्या दंडावर

दुकानात नवी वस्तू आली की ती आधी घरच्या माणसावर लावून बघायची, ही माझी जुनी खोड. रक्तदाबाचं मशीन आलं तेव्हा नवऱ्याला धरून बसवलं, वाफेचं यंत्र आलं तेव्हा सासूबाईंना सर्दी नसताना वाफ दिली. उमरग्यात हायवेला लागून माझं मेडिकल आहे. तिथं एका दुपारी कंपनीच्या माणसानं काउंटरवर नाण्याएवढं पांढरं बटण ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे दंडाला चिकटवायचं. दर वेळी बोट टोचायचं काम संपलं. साखर किती, चढतेय का उतरतेय, सगळं फोनवर दिसतं. उतरायला लागली की फोन बोंबलतो." मी फार्मसी शिकलेली, पोराबाळांची बाई, पण त्या दिवशी जत्रेतल्या पोरीसारखी हरखले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला खोकल्याचं औषध द्यायचंही विसरले.

बायोसेन्सर हा शब्द जड आहे, वस्तू मात्र आपल्या रोजच्या आहेत. साखर मोजायचं ग्लुकोमीटर हा बायोसेन्सरच. नव्या सुना जिचं नाव न घेता "ताई, ते द्या की" म्हणून मागतात आणि जी मी कागदात गुंडाळून देते, ती गरोदरपणाची पट्टीही त्याच घराण्यातली. म्हशीला टोचलेलं औषध दुधात उतरलंय का हे बघायला दूध केंद्रावर पट्टी बुडवतात, तीही तीच. एक पदार्थ असा घ्यायचा की जो एकाच गोष्टीला ओळखतो, आणि त्या ओळखीचा रंग किंवा आकडा करून दाखवायचा. हळद चुन्याला ओळखते आणि लाल होते, तसं. या बटणाखाली केसासारखी बारीक तार असते. ती कातडीखाली बसते आणि तिच्यावरचं रसायन फक्त साखरेला ओळखतं.

धंदा म्हणून बघितलं तर आजवर या बाजारात दिवा फुकट आणि तेल विकत, असाच हिशेब होता. मशीन जवळजवळ मोफत द्यायचं आणि जन्मभर पट्ट्या विकायच्या. हैदराबादकडं निघालेले ट्रकवाले माझ्या दारात गाडी लावून पट्ट्यांची डबी नेतात, लोहाऱ्याहून जीपनं येणारे रिटायर मास्तर दोन डब्या एकदम नेतात. आता पट्टीच्या जागी बटण येणार, कंपन्यांची चढाओढ लागणार, आज महाग आहे ते उद्या उतरणार. मी नवऱ्याला हे सांगताना इतके हातवारे केले की त्यानं चहाचा कप माझ्यापासून लांब सरकवला.

पण खरं सांगायचं तर मला बाजार दिसत नव्हता, एकच दंड दिसत होता. अप्पांचा.

अप्पा म्हणजे माझे वडील. मुरुमजवळच्या आमच्या गावी ते आणि आई दोघंच राहतात. अप्पा कैक वर्षं इन्सुलिन घेतात. मागच्या साली साखर उतरून ते विहिरीजवळ कोसळले. शेजारच्या रानातला माणूस पाणी द्यायला आला होता म्हणून वाचले. तेव्हापासून हैदराबादला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं एकच धोशा लावला होता, की शेत बटईनं द्यायचं आणि दोघांना हैदराबादला न्यायचं. अप्पा म्हणायचे, "तिथं म्या काय करू? गॅलरीत बसून लिफ्ट वर गेली का खाली आली बघू?"

भावाचंही खोटं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की इतका जुना मधुमेह असला की साखर उतरल्याची खूण द्यायचं शरीर बंद करतं. घाम नाही, थरथर नाही. माणूस चांगला बोलत असतो आणि पडतो. अप्पांना मात्र हे बोलणं म्हणजे आपला अपमान वाटायचा. "माझं आंग मला सांगतंय की," एवढंच म्हणायचे आणि फावडं घेऊन निघायचे.

येळवशीसाठी, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणासाठी, भाऊ आला तोच ठरवून आला. ही अप्पांची रानातली शेवटची येळवस. बटईदाराशी त्याचं बोलणंही झालं होतं. मी डॉक्टरांना विचारून बटण आणलं होतं, ते त्याच्यापुढं धरलं आणि अर्धा तास बोलत सुटले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मशीन सांगंल. अप्पा ऐकतील का? त्यांनी कधी कुणाचं ऐकलंय? मशीन वाजलं आणि ते आपणहून थांबले, असं एकदा जरी दिसलं, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

मला त्याचा फार राग आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी मी अप्पांच्या दंडाच्या मागच्या बाजूला बटण लावलं. टक् असा आवाज झाला, संपलं. अप्पा म्हणाले, "एवढंच व्हय? गोचीड चिकटल्यागत वाटतंय." माझा जुना फोन त्यांच्या खिशात ठेवला. बटण आणि फोन जवळ पाहिजेत, एका खोलीच्या अंतराबाहेर गेले की बोलणं बंद, हे त्यांना तीन वेळा सांगितलं. दुसऱ्या खिशात गुळाचे खडे बांधून दिले. आकडा सत्तरच्या खाली गेला की फोन ओरडेल आणि तेव्हा बसायचं, गूळ खायचा, हेही सांगितलं. अप्पांनी मान डोलावली. ती मान ते सगळ्यांपुढंच डोलावतात.

येळवस हा आमच्या भागातला रानातला सण. ज्वारी, गहू, हरभरा उभा असतो आणि गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं रानात जेवायला. कडब्याची कोप केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणून पिकाला फेरा झाला. मग पंगत बसली आणि खरी मजा सुरू झाली. पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर, आंबील, आणि दर घासाला कुणीतरी विचारणार, "आता किती?" चुलते विचारणार, शेजारचे विचारणार, आईसुद्धा वाढता वाढता विचारणार. क्रिकेटची मॅच असल्यासारखं सगळं रान अप्पांच्या खिशाकडं बघत होतं. अप्पा दोन तासांत तज्ज्ञ झाले होते. "भज्जीनं लई चढत न्हाय," ते पाहुण्यांना सांगत होते, "खीर मातर डेंजर हाय." मला इतका आनंद झाला होता की मी भावाकडं बघून दोनदा भुवया उडवल्या.

गर्वाचं घर खाली, ते काही खोटं नाही. जेवून अप्पा कोपेशेजारी आडवे झाले आणि थोड्या वेळात फोन किंचाळला. आकडा अठ्ठावन्न. आई गुळाचा खडा घेऊन धावली, अप्पा दचकून उठले, अर्धा खडा तोंडात आणि अर्धा हातात. मी पर्समधून ग्लुकोमीटर काढलं, बोट टोचलं. आकडा आला चारशे बारा! भाऊ हात जोडून म्हणाला, "ताई, एक म्हणतंय साखर संपली, दुसरं म्हणतंय कारखाना आहे. यातल्या कुणाच्या भरवशावर ठेवू त्यांना?"

मला रडू यायचंच बाकी होतं. मग अप्पांची बोटं दिसली. गुळानं चिकट झालेली. मी रक्ताची नाही, गुळाची साखर मोजली होती. बोट धुऊन, पुसून, नव्यानं टोचलं, तर एकशे एक्कावन्न. आणि दंड? अप्पा त्याच कुशीवर झोपले होते. बटणावर अंगाचा भार आला की तिथं साखर पुरेशी पोचत नाही आणि बटण उगाच कमी दाखवतं. उठून बसल्यावर थोड्या वेळानं आकडा आपोआप वर आला. मी हे सगळं मोठ्या आवाजात, हातवारे करून समजावलं. भाऊ म्हणाला, "बरं." त्या 'बरं'मध्ये हैदराबादचा रस्ता सरळ दिसत होता.

त्याहून वाईट म्हणजे अप्पा. फोन खिशात टाकत पुटपुटले, "खोटं बोलतंय हे. म्या सांगितलं व्हतं, आपलं आंगच खरं."

दुपारभर ते पाहुण्यांना पीक दाखवत बांधाबांधानं हिंडले. सूर्य बुडाला. आता हेंडगा. वाळल्या गवताची आवळून बांधलेली पेंडी पेटवायची आणि ती घेऊन पिकाभोवती फेरा मारायचा, म्हणजे येळवस पुरी झाली. हे काम अप्पांचं. भाऊ म्हणाला, "मी येतो सोबत." अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, एक पेंडी बगलेत मारली, एक पेटवली आणि झपाझप निघाले.

अवसेचा अंधार लवकर दाटतो. चहूकडं रानारानांत हेंडगे फिरत होते, पोरं आरडत होती, कुठं फटाके वाजत होते. फोन ओरडला असता तरी आम्हाला ऐकू आलं नसतं. आमचा जाळ गव्हाच्या कडेनं गेला, हरभऱ्याला वळसा घातला, पार पलीकडं ज्वारीच्या कोपऱ्यापाशी पोचला. मी बोटं एकमेकांत अडकवून उभी होते.

ज्वारीच्या कोपऱ्यात जाळ थांबला. मग खाली आला. मग विझला.

आई एवढंच म्हणाली, "अगं बाई." भाऊ पळत सुटला. मी त्याच्यामागं, साडी धरून, ढेकळांतून ठेचकाळत. डोक्यात एकच होतं. हे मी केलं. मी या बटणाची हमी दिली नसती तर आज आम्ही त्यांना एकटं सोडलंच नसतं.

बांधावर एक उजेड दिसला. फोनचा. त्या उजेडात अप्पा बसले होते, पाय पसरून, आणि गूळ चघळत होते. समोर हेंडगा मातीत दाबून विझवलेला.

"अप्पा!" भाऊ ओरडलाच.

"वरडू नको. फोन वाजला. आकडा खाली चालला व्हता. साठ. बसलो." त्यांनी फोन आमच्यापुढं धरला. "मला तर कायच व्हत नव्हतं बघ. लई झ्याक वाटत व्हतं. आंगानं कायबी सांगितलं न्हाय."

"दुपारी तर म्हणालात की खोटं बोलतंय," मी म्हटलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना पाणी लागलं होतं.

"खोटं असतं तर गूळ खाल्ला म्हणून काय बिघडलं असतं? आन् खरं असतं तर?" त्यांनी ज्वारीकडं हात केला. "हातात इस्तू घेऊन पडलो असतो म्हंजे? पीक गेलं असतं की."

मी खांद्यावरच्या पर्समधलं स्पिरिट लावून त्यांचं चिकट बोट नीट पुसलं, टोचलं. ग्लुकोमीटरही साठच्या आसपासच बोललं. यावेळी दोघांचं एकमत होतं. मला नाचावंसं वाटत होतं. मग आम्ही तिघं बांधावर बसून राहिलो, फोनवरचा बाण वर वळेपर्यंत.  भावानं अप्पांच्या खांद्यावरची गवताची काडी काढली, मग दुसरी काढली.

आकडा नव्वदच्या वर गेला तसा तो उठला आणि अप्पांना हात दिला. "चला अप्पा. आई वाट बघतीय. घरी जाऊ."

अप्पा उठले नाहीत. त्यांनी खाली बसूनच विचारलं, "कंच्या घरी?"

भावानं एकदा ज्वारीकडं बघितलं. मग म्हणाला, "इथल्या."

अप्पांनी शेजारी ठेवलेली दुसरी पेंडी उचलून त्याच्या हातात दिली. "मग पेटव ही. निम्मा फेरा ऱ्हायलाय."