गिरिजाबाईचा डावा हात

पडदा वर जातो तेव्हा आधी काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. चरकाच्या लोखंडी रुळांची करकर, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, चुलवाणात चिपाडं तडतडल्याचा आवाज. मग जाळाचा तांबडा उजेड पसरतो आणि लोहाऱ्याच्या शिवेवरचं गुऱ्हाळ दिसू लागतं. काहिलीत उसाचा रस उकळतोय. चरकाजवळ कल्याणप्पा उकिडवे बसून रुळांत ऊस घालतायत. बैलांमागून गोल गोल फिरतेय ती त्यांची बायको, गिरिजाबाई. पदर खोचलेला, हातात चाबूक, पायांखाली फिरून फिरून गुळगुळीत झालेली वाट.

बैल हाकणं हे काही तिचं काम नव्हे. पण अठ्ठेचाळीस साल नुकतंच लागलं होतं, राज्य अजून निजामाचं होतं आणि गावागावांतून माणसं बोचकी बांधून सोलापूरच्या हद्दीत पळत होती. बैल हाकणारा त्यांचा गडीही दोन दिवसांमागं बायकापोरं घेऊन गेला होता. ऊस तोडून पडलेला, रस आंबायच्या बेतात आणि दिवस मावळत आलेला.

"हाक गं, हाक!" कल्याणप्पा ओरडले. "अंधार पडायलाय. बैलं झोपलीत का तू झोपलीस?"

तिनं चाबूक उगारला. बैलांनी पाय उचलले. अडकलेलं कांडं ओढायला कल्याणप्पांनी डावा हात पुढं केला आणि रुळांनी कांड्याबरोबर बोटंही आत घेतली.

ती किंकाळी ऐकताच गिरिजाबाईनं कासरा ओढला. पण ओढीला लागलेलं जनावर जागच्या जागी थांबत नाही. बैल आणखी चार पावलं गेले, आणि ती चार पावलं पुढं जन्मभर तिच्या मागं चालत राहिली. बैल सोडून तिनं चरक फिरवणारं लांब लाकूड खांद्यानं उलटं रेटलं तेव्हा हात बाहेर आला. त्याला हात म्हणायचं, एवढंच.

सोलापूरचा रस्ता नाक्यावर अडवलेला होता. म्हणून आधी बैलगाडीत आणि मग सर्व्हिस मोटारीत घालून तिनं त्यांना धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तोवर जखम काळी पडली होती. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं, "बाई, हात ठेवला तर माणूस राहणार नाही." मनगटाच्या वर हात कापला. कल्याणप्पा तापाच्या गुंगीत पडून राहिले आणि डॉक्टरच्या सांगण्यावरून गिरिजाबाई त्यांच्या ओठांत चमच्यानं दूध सोडत राहिली.

इथं कल्याणप्पांची ओळख नीट करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. घर लिंगायताचं. गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग, जन्मल्यावर बांधलेलं ते मरेपर्यंत सोबत. रोज अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, भस्म, फूल वाहायचं आणि तळहात डोळ्यांसमोर धरून त्यावर नजर लावून बसायचं. देऊळ नाही, देव्हारा नाही. आपला तळवा हेच देवाचं आसन. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

हे सगळेच करत. पण कल्याणप्पांसारखं कुणी करत नसे. तळवा मधे किंचित खोल, चारी बोटं एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत वळलेला, कोपर बरगडीला लागलेलं. त्या हातावर पाण्याचा थेंब ठेवला असता तर तोही हलला नसता. श्वास इतका संथ होई की लहान पोरं वाकून बघत, आप्पा जिवंत आहेत ना म्हणून. उसाचे भाव पडोत, घरात आजार असो, पूजेवरून उठलेल्या कल्याणप्पांचा चेहरा धुतल्यासारखा असे. गल्लीतल्या पोरांना ते स्वतः हात धरायला शिकवत. म्हणत, "हात हालायलाय म्हंजी तू बाजारात फिरायलास. ये परत."

माणूस कडक. एका लग्नात गिरिजाबाईच्या धाकट्या भावाला, सोमलिंगला, त्यांनी भरल्या पंगतीतून उठवलं होतं. सोमलिंग आजारातून उठलेला, त्यानं सकाळी पूजेआधी भाकरीचा तुकडा खाल्ला होता. लिंगायतांचे गुरू, जंगम महांतप्पा अय्या म्हणाले होते, "आजाऱ्यानं मनातल्या मनात केली तरी चालतंय." कल्याणप्पा म्हणाले होते, "मनातली पूजा ही आळशाची पूजा." ताटावरून उठलेल्या भावाचं तोंड गिरिजाबाईला अजून आठवत होतं.

आता हेच कल्याणप्पा घरी खाटेवर शुद्धीत बसले होते. आधी त्यांनी उरलेल्या हाताकडं बघितलं. मग बायकोकडं.

"दवाखान्यात माझ्या तोंडात काय गेलं?"

"दूध."

"आन पूजा?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "न्हाय झाली."

"मला बाटवलंस," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

त्यांचं कोडं साधं होतं आणि सुटणारं नव्हतं. लिंग उजव्या तळहातावर घेतलं तर पाणी-फूल कशानं वाहायचं? उजवा हात पूजेला ठेवला तर लिंग कुठं बसवायचं? पाटावर ठेवायचं नाही, ताम्हनात ठेवायचं नाही. दुसऱ्याच्या हातात तर द्यायचंच नाही.

सोमलिंग कळंबहून भेटायला आला. जुना अपमान त्यानं दाराबाहेर ठेवला असावा. खाटेशी बसून म्हणाला, "दाजी, मला पुन्हा पंगतीतनं उठवायचंय का न्हाय तुमाला? त्यासाठी आदी तुमाला पंगतीत बसावं लागंल."

एरवी कल्याणप्पा यावर फिस्कन हसले असते. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. बाहेर येऊन सोमलिंग बहिणीला म्हणाला, "आक्का, ह्यो माणूस जायचा. बगत काय बसलीस?"

ती आत गेली. खाटेपाशी बसून आपला डावा हात पुढं केला, नवऱ्यानं पोरांना शिकवलेला तसाच. तळवा खोल, बोटं जुळलेली.

"अहो, ह्याच्यावर ठिवा. माझी पूजा म्या पहाटं उरकली हाय. आता ह्यो हात तुमचा."

कल्याणप्पांनी त्या हाताकडं बघितलं.

"ह्यो? ह्याच हातानं कासरा धरला व्हतास ना?"

'हाक गं, हाक,' असं कोण ओरडलं होतं, ते या घरात दोघांनाच ठाऊक होतं. शब्द तिच्या जिभेवर आला. उपाशी, खोल गेलेले ते डोळे तिनं बघितले आणि शब्द परत गिळला. चुलीपाशी जाऊन ती हात मांडीवर घेऊन बसली. न खाल्लेल्या माणसाच्या घरात चूल पेटवायची कशाला, म्हणून ती नुसतीच बसली.

महांतप्पा अय्या आले ते एका सकाळी. पांढरी दाढी, खांद्यावर भगवं वस्त्र, गुडघे दुखतात म्हणून बसताना 'शिवा शिवा' करणारे. त्यांनी पुन्हा मानसपूजेचं सांगितलं. कल्याणप्पा म्हणाले, "अय्या, मग सोमलिंगला म्या उगंच उठवलं का?"

"व्हय, उगंच उठवलं," अय्या म्हणाले.

हे उत्तर कल्याणप्पांना सोसलं नाही. त्यांनी अंघोळीला पाणी मागितलं. गिरिजाबाईनं त्यांना न्हाऊ घातलं, भिंतीला टेकवून बसवलं. उजव्या हातानं त्यांनी गळ्यातला करंडा उघडला, काळंभोर इष्टलिंग काढलं आणि डाव्या हाताच्या उरलेल्या खुंटावर, बांधलेल्या चिंध्यांवर ठेवायला गेले. एकदा जमल्यासारखं वाटलं. त्यांनी बोटं काढली.

लिंग घरंगळलं.

लिंग भुईवर पडणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. असं झालं म्हणून जुन्या काळी जीव देणारी माणसं होऊन गेली होती. पण भुईला काही लागलं नाही. गिरिजाबाईचा डावा हात खाली आलेला होता, आणि लिंग तिच्या तळव्यात होतं.

मग महांतप्पा अय्या म्हणाले, "भुईला लागलं का?"

"न्हाय," कल्याणप्पा म्हणाले. "पर दुसऱ्याच्या हातात गेलं, अय्या."

"दुसऱ्याच्या? ह्यो हात तुमच्या हातात लग्नात म्या दिला व्हता. तवा न्हाय म्हनलासा, ह्यो दुसऱ्याचा हाय म्हणून."

"नियम काय म्हनतोय ते सांगा."

नियम अय्यांना मोडता येत नव्हता आणि समोरचा माणूस मरू देता येत नव्हता. शेवटी गुडघे धरून ते उठले आणि पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले.

"म्या परवानगी देत न्हाय," ते भिंतीला म्हणाले. "आन म्या बगतबी न्हाय."

गिरिजाबाईनं हात वर उचलला. नवऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणला. तळव्यावर लिंग किंचित डुललं. कल्याणप्पांनी उजव्या हातानं पाणी घातलं, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. मग नजर लावली. आणि बऱ्याच दिवसांनी ते तिच्याशी बोलले, "हालवू नगंस."

त्या दुपारी त्यांनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. सोमलिंग परसात जाऊन रडला. गिरिजाबाईनं तवा घासला.

इथं टाळी घेऊन पडदा पाडता आला असता. पण माणसाचं आयुष्य टाळीपाशी थांबत नाही. कल्याणप्पा वाचले, एवढंच घडलं. त्यांनी बायकोला माफ केलं असं काही घडलं नाही. पहाटे ती आपली पूजा उरकायची, मग त्यांच्यासमोर मांडी घालून हात उचलायची. दोघांच्या मधे तिचा तळवा आणि तळव्यावर लिंग. त्यांना फक्त लिंग दिसे. तिला लिंगाच्या पलीकडे त्यांचे डोळे दिसत. ते डोळे रोज तिच्या इतक्या जवळ येत आणि तिच्यापर्यंत कधी पोचत नसत. ते शांत होत गेले, त्यांचा श्वास पूर्वीसारखा संथ झाला. तिच्या खांद्यात मात्र कळ उठे, ती मानेत जाई, बोटं बधिर होत. "वर," ते म्हणत. "जरा खाली. हालू नगंस." दिवसाकाठी एवढंच बोलणं.

आडावर बायका चेष्टा करत. "गिरिजाबाई, देव्हारा झालीस की गं!"

"व्हय की," ती म्हणे, "पर देव्हाऱ्याला खांदा नसतोय, बाई."

त्या साली पावसाळा सरता सरता फौजा आल्या, राज्य गेलं. त्या सकाळी लांबून गोळ्यांचे आवाज येत होते आणि गल्लीतली दारं धडाधड लागत होती. गिरिजाबाईचा हात डोळ्यांच्या रेषेत होता, तसाच राहिला. नंतरच्या दिवसांत गावातली काही घरं जळाली. वर्षानुवर्षं या घरचा गूळ नेणारे काही मुसलमान शेजारी पुन्हा दिसले नाहीत. कल्याणप्पांनी त्यांची चौकशी केली. समोर बसलेल्या बाईची केली नाही.

वर्षभरात तिचा डावा खांदा धरला. वेणी घालायला हात मागं जाईना, ती शेजारणीकडून घालून घेऊ लागली. सकाळी मात्र तो उचलला जाई. कसा, ते तिलाच माहीत. सोमलिंग एकदा चिडून म्हणाला, "सांग की त्यास्नी, दुखतंय म्हणून. बैल हाकायला कुनी सांगितलं व्हतं तेबी सांग." म्हणजे त्यानं ओळखलं होतं तर.

"सांगितलं तर जेवायचे न्हाईत," ती म्हणाली.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात कल्याणप्पांना ताप भरला आणि उतरला नाही. कापलेल्या जागेचं दुखणं पुन्हा उफाळून आलं होतं. पडल्या पडल्या त्यांना एकच घोर लागला. लिंगायताला पुरतात ते मांडी घालून बसवून, आणि डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून.

"माझं कुठं ठिवतील गं?"

"उजव्यात ठिवतील."

"उजवा पूजेचा हाय. त्यात बसायचं न्हाय."

तिचा हात तिला खड्ड्यात देता येत नव्हता. तसं करता आलं असतं तर तिनं दिला असता की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पुढं ते तसंच झालं. महांतप्पा अय्यांनी लिंग उजव्या तळव्यात ठेवलं, पडू नये म्हणून पांढऱ्या कापडानं बांधलं आणि माती लोटायला सांगितली. कुणी वाद घातला नाही. गिरिजाबाई कडेला उभी होती, डावा हात उजव्या हातानं धरून.

पण ते संध्याकाळी. त्याच दिवशी सकाळी कल्याणप्पांनी पूजा मागितली होती. बसण्याचं त्राण नव्हतं, सोमलिंगनं पाठीमागून त्यांना छातीशी धरलं. गिरिजाबाईनं हात उचलला. पाणी त्यांनी कसंबसं घातलं, भस्माची बोटं लिंगापर्यंत पोचली नाहीत, तिच्या मनगटाला लागली. मग ते बघत राहिले. श्वास थांबत होता, पुन्हा येत होता. तिचा खांदा जळत होता, तरी हात जागच्या जागी होता.

खूप वेळानं त्यांची नजर लिंगावरून ढळली. गिरिजाबाईला वाटलं, संपलं. पण नजर सरकत सरकत तळव्यावर आली, मनगटावर आली, कोपरावरून खांद्यापर्यंत गेली आणि तिच्या तोंडावर येऊन थांबली. जणू या घरात कुणी बाई राहते हे त्यांना आत्ताच कळत होतं.

"खाली घे हात," कल्याणप्पा म्हणाले. "लई दुखत आसंल."