ओठ गोल, आतून ‘ई’

“दीदी, मम्मा इज नो मोर...” रेजिना आंटींच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी ड्यूटी संपवून बसची वाट बघत होते. पुढचं ती काय बोलली ते आठवत नाही. मनात पहिलं आलं ते मात्र आठवतं : आता माझं जर्मन कोण ऐकणार? आंटींना हे सांगितलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या.

आंटी मूळच्या वसईच्या. अबू धाबीतल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर त्यांची हयात गेली आणि तिथल्या पाहुण्यांकडूनच त्या जर्मन शिकल्या. पुढे मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी, डायनिंग टेबलाशी बसवून, जर्मनीला जाऊ पाहणाऱ्या आम्हा नर्सेसना शिकवू लागल्या. मी बोलण्याच्या परीक्षेत आपटून त्यांच्याकडे गेले होते. व्याकरण तोंडपाठ, पण तोंड उघडलं की परीक्षकाच्या कपाळाला आठ्या.

आंटींनी पुस्तक बाजूला सारलं. “अगं, निम्मे आवाज तुझ्याकडे आहेतच. ‘चमचा’ म्हण. तोच च जर्मन झेडचा. आणि घशातला ख? इथले अरब ‘खलास’ म्हणतात ना, तस्सा. यल्ला, बोल.” अडलं ते यूवर दोन टिंबं असलेल्या स्वराशी. त्यासाठी त्यांनी पर्समधला छोटा आरसा माझ्यापुढे धरला. ओठ शिट्टी मारताना होतात तसे गोल ठेवायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. माझे ओठ दर वेळी फाकायचे. त्या हसायच्या, पण सोडायच्या नाहीत.

बोलींवर त्यांचा भारी जीव. व्हिएन्नाचे पाहुणे शब्द कसे लांबवतात, स्विस माणूस साध्या ‘क’चाही कसा ‘ख’ करतो, बव्हेरियात आपला जिभेवरचा ‘र’ कसा चालून जातो... सगळ्यांच्या नकला करायच्या. मी म्हटलं, “मग मी बव्हेरियालाच जाते.” “जा ना. आमच्या वसईतपण गावागणिक बोली बदलते. जिथे जाशील तिथलं उचल. पण आधी एक्झाम क्लिअर कर, मग लाड.”

शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. फुप्फुसं थकली होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायला मनाई. मी त्यांचे पाय चेपत होते. त्यांनी मास्क खाली ओढला, ओठ गोल केले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी तो स्वर म्हटला. मान हलली : नाही. त्यांचा मास्क वर चढवून मी पुन्हा म्हटला. नाही. पुन्हा... तेव्हा कुठे डोळे मिटून होकार आला. मग लेकीकडून पर्स मागून घेतली आणि आरसा माझ्या हातात ठेवला.

पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. घरचे म्हणतात, मन थाऱ्यावर नाही तर तारीख पुढे ढकल. मी ढकलणार नाही. सकाळी बसमध्ये आरसा काढते. शेजारच्या बाईला वाटतं मी लिपस्टिक बघते. वाटू दे. ओठ फाकले की पुन्हा म्हणते. बरोबर आला तरी होकार द्यायला आता कोणी नाही, म्हणून आणखी एकदा म्हणते.