मैनाबाईच्या डोक्यावरची सनई

देवीदास वानखडे दिवसभर अमरावतीत बिघडलेले रेडिओ दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी बडनेऱ्याजवळच्या आमच्या खेड्यात येऊन धडधाकट रेडिओ बिघडवायचा, असं त्याची बायको मैनाबाई म्हणे. जीभ तिखट, पण बाई खोटं बोलत नसे.

पासष्टच्या उन्हाळ्यात त्यानं काडेपेटीएवढं यंत्र केलं. ते बॅटरीच्या रेकॉर्ड प्लेअरला जोडलं, की जवळपासच्या रेडिओतून रेकॉर्ड वाजे. मधे तार नाही की काही नाही! गाव थक्क झालं.

"याच्यावर भाकर भाजते का?" मैनाबाईनं विचारलं.

त्याच महिन्यात त्यांच्या एकुलत्या लेकीचं, शालूचं लग्न होतं. लग्न लागलं, पंगती उठल्या आणि निरोप आला, वाजंत्री दुसऱ्याच गावात अडकले. अकोल्याहून आलेले नवरदेवाचे मामा रामराव मांडवात फतकल मारून बसले.

"वाजंत्र्याशिवाय वरात नेत नसतो आमी!"

शालूचं तोंड एवढंसं झालं. लेक मांडवातच राहते की काय, या धास्तीनं देवीदास धावत जाऊन यंत्र आणि प्लेअर घेऊन आला.

रामरावांच्या मोटारीत रेडिओ होता. देवीदासनं प्लेअर मागच्या सीटवर ठेवून सनईची मोठी तबकडी लावली. मोटारीचा रेडिओ गाऊ लागला, मामा उठले. गाडी हलली आणि पहिल्याच खड्ड्यात सुई उडाली. दुसऱ्यात पुन्हा. सनईला उचकीच लागली! लोक फिदीफिदी हसले, मामा परत बसायच्या बेतात.

"काहून धडपडून राहिले? आना इकडे," मैनाबाई म्हणाली. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, वर प्लेअर घेतला. विहिरीवरून तीन घागरी आणताना तिचं थेंबभर पाणी सांडत नसे.

गाडी हळूहळू निघाली, खिडकीला लागून मैनाबाई. सनई अशी वाजली की रामराव फेटा सावरून पुढे झाले. गावकऱ्यांबरोबर मी मागे चालत होतो. खरं सांगतो, छाती फुगली माझी.

खिडकीत शालू रडत होती. "आई!"

मैनाबाईला ना मान वळवता येई, ना हुंदका देता येई. समोर बघतच ती म्हणाली, "गप, पोरी. सुई उडते ना."

वेशीजवळ शालूनं हात बाहेर काढून तिचा दंड धरला. सनई एकदाच अडखळली. कुणी हसलं नाही.

रामरावांनी हात करून गाडी थांबवली आणि स्वतःच्या हातांनी प्लेअर उतरवून घेतला.

"वाजवनं बहुत झालं, बाई," ते म्हणाले. "भेटा लेकीले."