रिकाम्या घरातली बाई

जठारपेठेत आमच्या शेजारच्या आपा दुपारी पायरीवर बसून वाचायच्या. एक परिच्छेद संपला की डोळे मिटायच्या आणि काही चाचपडत असल्यासारखे हवेत हात फिरवायच्या. माझी परीक्षा जवळ आली होती, पण वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं.

"नुसते शब्द कावून वाचून राहिली? डोये मीट, जागा पाय," त्या म्हणाल्या.

धड्यात एका रिकाम्या घराचं वर्णन होतं. मी डोळे मिटून ती जागा पाहू लागले. अंगण दिसलं, दार दिसलं, आणि आत पाठमोरी बसलेली एक म्हातारी दिसली. धड्यात ती नव्हती.

आपांचेही डोळे मिटलेले होते. मी काही सांगायच्या आतच त्या हळूच म्हणाल्या, "तिले आवाज नोको देऊ. थे मांगं पायते."

परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले. आता वाचलेलं सगळं लक्षात राहतं. फक्त गोष्टीत घर आलं, की मी दाराशीच थांबते.