माझा अर्ज आणि मामांची वाट

आमच्या फाटकापासून टेलरकाकांच्या दुकानापर्यंत पाचशे ऐंशी पावलं. माझी नव्हेत, माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. पण दुपारचे साडेचार वाजले की टोपी घालून, काठी घेऊन ते दारात उभे. मग त्यांना अडवायची घरात कुणाची टाप नाही.

आम्ही केडगावात राहतो, पुणे रस्त्याच्या कडेला. मामा मूळचे कोपरगावकडचे, साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते, त्यामुळे मोजायची सवय हाडात मुरलेली. नोकरी संपल्यावर आमच्याकडं आले आणि आठवड्याभरात टेलरकाकांशी दोस्ती करून बसले. तेव्हा मामा दुकानात बसून मोठ्यानं पेपर वाचायचे आणि काका मशीन चालवत ऐकायचे. नजर गेल्यावर कामं उलटी झाली. आता काका एक बातमी वाचतात, एक शिवण मारतात, पुन्हा एक बातमी. वाचताना अडखळतात, मामा त्यांच्या चुका काढतात, दोघं भांडतात आणि चहा पितात. या एका तासावर मामांचा उरलेला दिवस चालतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या ह्यांना मात्र धास्ती. त्यांनी एक अट घातली होती. “आबा, एकटे जा, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या दिवशी पडाल किंवा चुकाल, त्या दिवसापासून बंद.” मामा म्हणाले, “बरं.” एवढंच. मान्य केलं की टोलवलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नाही.

वाट मी शिकवली होती. वाट म्हणजे काय, आमचा फूटपाथ. चाळीस पावलांवर चेंबरचं झाकण, काठी लागली की खडखडायचं. तिथून उजवीकडं सरकायचं, कारण पुढं विजेची डीपी, ती गुणगुणायची. मग पानटपरी, ती फूटपाथच्या मधोमध, म्हणून खाली रस्त्यावर उतरून पुन्हा वर चढायचं. मग गॅरेज, तिथं दुरुस्तीच्या गाड्या आडव्यातिडव्या आणि ऑइलचा वास. मग शहाळेवाल्याचा ढीग. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ओरडायचंच, “आबा, डावीकडून,” “आबा, थांबा, गाडी काढतो.” मामा थांबायचे, चार शब्द बोलायचे, पुढं निघायचे. पाचशे ऐंशी पावलांना पंचवीस मिनिटं लागायची.

आणि मी कोण? मी त्याच फूटपाथविरुद्ध चार वर्षं अर्ज करणारी बाई. मला राग येतो हो. भाजीची पिशवी घेऊन चालावं तर कुठून? फूटपाथवर दुकानं, रस्त्यावर टेम्पो, आणि मधल्या पट्ट्यात मी, अंग चोरून. ऑफिसचं नाव सांगत नाही, मला कुणाशी वैर नाही. पण तिथला शिपाई मला लांबून बघितलं की म्हणायचा, “आल्या फूटपाथवाल्या मॅडम.” मोबाईलवर फोटो काढायचे, प्रिंट मारायची, अर्जाला जोडायची. सोसायटीच्या ग्रुपवर तर माझ्या फोटोंना लोक जेवणाचे फोटो टाकून उत्तर द्यायचे.

मग एक दिवस ऐकलं की कुणी मोठे पाहुणे या रस्त्यानं जाणार आहेत. झालं. दोन रात्री जेसीबी घरघरला, तिसऱ्या दिवशी आमचा फूटपाथ असा काही दिसायला लागला की मला ओळखूच येईना. टपरी गायब, गाड्या गायब, शहाळ्यांचा ढीग गायब. झाकण नवं बसवलेलं, हूं की चूं करत नव्हतं. लाल-करडे पेव्हर ब्लॉक. काम पाहुण्यांमुळं झालं हे मलाही कळत होतं, पण चार वर्षं अर्ज मी केले होते, श्रेय सोडते होय? गल्लीत पेढे वाटले. मामांनाही दिला. म्हटलं, “मामा, आता तुमची वाट गुळगुळीत झाली.”

“लई ब्येस झालं पोरी,” म्हणाले, आणि साडेचारला निघाले.

साडेपाचला टेलरकाकांचा फोन आला. “भाभी, दोस्त आज आला न्हाई, तब्येत बरी हाय ना?”

गॅसवर दूध होतं ते तसंच टाकून पळाले. पळताना नेमकं लक्षात आलं की विचारावं तर कुणाला? रोज आबा आबा करणारी सगळी माणसं मीच उठवली होती. रिकामा फूटपाथ आणि त्यावर मी एकटी धावतेय. रडू यायला लागलं होतं, आणि राग, तोही स्वतःचाच.

मामा सापडले ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. दुकानापासून चांगलं लांब. सोफ्यावर बसले होते, हातात थंड पाण्याचा ग्लास, आणि टाय लावलेला एक सेल्समन त्यांना इंजिनाची ताकद समजावून सांगत होता. धोतर-टोपीचा माणूस आत आला म्हणजे गिऱ्हाईकच, असं त्याला वाटलं. मामाही वस्ताद. चुकलोय असं म्हणायचं नाही म्हणून अर्धा तास ट्रॅक्टरची चौकशी करत बसले होते. माझा आवाज ऐकून उठले आणि सेल्समनला म्हणाले, “घरी इचारून सांगतो.”

येताना मी हिशेब लावला. त्या पाचशे ऐंशी पावलांत टपरीचा वळसा होता, गॅरेजचा होता, शहाळ्यांचा होता. वळसे गेले आणि मामा सरळ चालत सुटले, तेही झपाझप. दहा मिनिटांत दुकानासमोर पोचले असतील. त्या दिवसांत काका साडेचारला असरच्या नमाजाला जायचे आणि पावणेपाचनंतर परत यायचे. म्हणजे मशीन बंद. मामांची पावलं अजून शिल्लक, मशीनचा आवाज नाही, मग दुकान आलं असं त्यांनी का समजावं? पाचशे ऐंशी भरली तरी मशीन ऐकू येईना, म्हणून ते पुढं चालत राहिले.

ह्यांना संध्याकाळी सगळं कळलं. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “आबा, उद्यापासून बंद,” एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मामा खरंच बसून राहिले. साडेचारला टोपी घालायचे आणि खुर्चीतच बसायचे. दोन-तीनदा काका पेपर घेऊन घरी आले, पण दुकान किती वेळ बंद ठेवणार? शिवाय मामा त्यांच्या चुकाही काढेनात. काका जाताना मला हळूच म्हणाले, “भाभी, आज मी मुद्दाम चार शब्द चुकीचे वाचले. हा गप्प.” त्या दिवशी माझी जेवणावरची वासनाच उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले तशी मी मामांना उठवलं. म्हटलं, “चला, नव्यानं शिकू.” चोरून शिकवणी सुरू झाली. नव्या फूटपाथवर खुणा काय? दोन झाडांची आळी, काठीला लागणारी. फार्मसीच्या दारातला गार वारा. शेवटी उतार. चारशे दहा पावलं भरली. तोवर इकडं पाहुणे येऊन गेले होते आणि एकेक करून मंडळी परतत होती. टपरी आली, पण जुन्या जागी नाही. गाड्याही आल्या, जरा सभ्यपणे एका ओळीत. रोज काही ना काही बदलायचं. मामा चिडायचे नाहीत. म्हणायचे, “कारखान्यात गाड्यांची रांग रोज नवीच असायची.”

आठवड्यानं मी त्यांना पुढं सोडून मागं वीस-पंचवीस पावलांवर राहू लागले, सांगितल्याशिवाय. चौथ्या दिवशी माझं सगळं लक्ष त्यांच्या काठीकडं, आणि माझा पाय एका खचलेल्या ब्लॉकमध्ये. ज्या ब्लॉकचे पेढे वाटले होते, त्याच ब्लॉकमध्ये. आपटले ती चांगली बसकण मारून.

मामा थांबले. वळले. काठी टेकत थेट माझ्यापाशी आले आणि हात पुढं केला. “ऊठ. कुठं लागलं?”

“मामा, मी मागं आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“आगं, चार दिस झालं तुजी चप्पल फटफट वाजतीया. मला वाटलं, तुला फिरायची हौस आली.”

त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी लंगडत दुकानात गेले. वाटेत तेच सांगत होते, इथं उतार आहे, इथं गाडी आडवी असंल. आणि ती होती. काकांनी बर्फ मागवला, शिवायला आलेल्या कापडाची पट्टी फाडून माझ्या घोट्याला बांधली. मला हसू आवरेना आणि पाय ठणकत होता.

पाय मुरगळला तो चांगलाच. ह्यांना खरं सांगावंच लागलं. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं, आबांकडं बघितलं. “दोघांचंही डोकं फिरलंय,” म्हणाले. “आता सोबतही नाही. आबा कुठंही जाणार नाहीत.” मामा नेहमीसारखे “बरं” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पावणेपाच वाजले तशी दारात काठी वाजली. मी पलंगावरून ओरडले, “मामा, मला उठता येत नाही.” ते म्हणाले, “मग पडून ऱ्हा,” आणि फाटकाची कडी लागली. फोन माझ्या उशाशीच होता. काकांना लावावा असं दहा वेळा वाटलं, लावला नाही. पाच वाजले, साडेपाच, सहा. सहाला हे कामावरून येतात. गाडीचा आवाज आला, त्यांनी आत येऊन खुर्ची रिकामी बघितली आणि पुन्हा चपला पायात घालू लागले.

तेवढ्यात मामा आत आले. हातात कागदाचा पुडा, त्यावर तेलाचे डाग. टपरीच्या पलीकडं परवाच एक भज्याची गाडी लागली होती. ती मी त्यांना दाखवली नव्हती, मलाच ठाऊक नव्हती. मामांनी पुडा टेबलावर ठेवला, टोपी काढून खुंटीला लावली आणि खुर्चीत बसले.

ह्यांनी पुडा उघडला. वाफ आली. एक भजं तोंडात टाकलं, चटका बसला म्हणून हा हा करत फिरवलं. मग चपला काढल्या आणि विचारलं, “आबा, उद्या मिरचीची मिळतील का?”